रंकाळ्याकाठचा बिननावाचा बाक

२ फेब्रुवारी २०२५ ला, रविवारी सकाळी, कोल्हापुरात रंकाळा तळ्याच्या पदपथावर आम्ही अण्णांच्या आठवणीसाठी काळ्या दगडाचा एक बाक बसवला. पहिला अर्ज दिला होता १२ फेब्रुवारी २०२४ ला. म्हणजे एका बाकाला जवळजवळ वर्ष लागलं. गेल्या महिन्याभरात तिघांनी मला विचारलं की आमच्याही गावच्या तळ्यावर कुणासाठी असं काही करायचं आहे, सुरुवात कुठून करायची? प्रत्येकाला फोनवर सांगताना काहीतरी राहून जात होतं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढते आहे.

आधी अण्णांबद्दल. २०१६ मध्ये डॉक्टरांनी साखरेमुळे चालायला सांगितलं आणि मी सकाळी रंकाळ्यावर जायला लागले. घाटाच्या शेवटच्या पायरीवर एक गृहस्थ लांब बांबूला लोखंडी आकडी बांधून पाण्यातलं केंदाळ ओढत असायचे. जलपर्णी हा शब्द वर्तमानपत्रातला. आमच्याकडं ते केंदाळच. पंधरा-वीस दिवस मी नुसती बघत पुढं जात होते. एक दिवस त्यांनीच हाक मारली. "नुसतं फिरून काय करतीस पोरी? हे धर जरा."

मी बांबू धरला. त्यांनी एक झाड उचलून माझ्या हातात दिलं. फुगलेले देठ बोटांनी दाबले की स्पंजासारखे दबायचे, खाली काळ्या मुळांची वीतभर दाढी, त्या दाढीत गाळ, गोगलगायी आणि अगरबत्तीच्या पुड्याचा चकचकीत कागद. वर मात्र जांभळं फूल, मधल्या पाकळीवर पिवळा ठिपका. मी फुलाकडं बघत राहिले. अण्णा म्हणाले, "ते देखणंच आहे. पण बी धरायच्या आत काढायला पाहिजे. तळाच्या गाळात बी पडलं की वर्षानुवर्षं मरत नाही."

ते उद्यमनगरात फाउंड्रीत फिटर होते. निवृत्तीच्या आधीपासून, २००३ सालापासून, रोज सकाळी सव्वासहाला तळ्यावर यायचे. कुठल्या संस्थेचे नव्हते, पावती पुस्तक नव्हतं, अंगात नाव छापलेला टी-शर्ट नव्हता. महाद्वाराजवळ राहणाऱ्या त्यांच्या आईनं लहानपणी सांगितलेली नंदीची गोष्ट त्यांना फार आवडायची. रंकाळ्याकाठचा नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, तो तळ्याला पोचला की प्रलय होतो, ही कोल्हापुरातल्या घराघरात सांगितली जाणारी गोष्ट. अण्णा बांबू टेकून म्हणायचे, "केंदाळाचंही तसंच. ते गव्हाएवढं वाढतं, आपण तांदळाएवढं मागं सारायचं. त्या फरकातच सगळं आलं."

११ जानेवारी २०२४ ला ते गेले. आठवडाभराचा खोकला, मग न्यूमोनिया. वय ७४. पंचगंगेच्या स्मशानभूमीत शेणी रचून अंत्यसंस्कार झाले. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. रक्षा पाण्यात टाकायची नाही हे त्यांनी लेकीला आधीच बजावलं होतं, त्यामुळं ती मेव्हण्यांच्या शेतात आंब्याच्या रोपाखाली गेली. तिथून परतताना आमच्या चालणाऱ्यांच्या गटातले पाच जण एकाच गाडीत होतो. त्यांच्यासाठी तळ्यावर काहीतरी असावं, हे कोण आधी बोललं आठवत नाही. ते रोज जिथं चप्पल काढून ठेवायचे त्या जागी एक बाक आणि त्यावर त्यांचं नाव. एवढं सोपं आहे, महिन्यात होईल, असं वाटलं होतं.

पहिला अर्ज मीच लिहिला. तीन पानं. त्यात अण्णांनी काय काय केलं ते सगळं, अगदी मनापासून. नागरी सुविधा केंद्रात दिला, आवक क्रमांक घेतला आणि आठवड्यानं चौकशीला गेले. खिडकीमागच्या बाईंनी तो पूर्ण वाचला होता. त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, माणूस कळला. पण मागणी कुठली आहे?" खरंच, बाकाचा उल्लेख तिसऱ्या पानाच्या शेवटी एका ओळीत होता. त्यांनीच मला समजावलं की बाक देणं ही वस्तुरूप देणगी आणि त्यावर नाव घालणं हा नामकरणाचा विषय. दोन्हीचे रस्ते वेगळे. नाव घालायचं तर स्वतंत्र प्रस्ताव, त्यावर ठराव.

तुम्ही अर्ज करणार असाल तर एका पानाचा करा. विषयाच्या ओळीतच मागणी लिहा: अमुक ठिकाणी, अमुक मापाचा बाक स्वखर्चाने बसवून महापालिकेस देणगी देण्याबाबत. सोबत जागेचे दोन फोटो, हातानं काढलेला साधा नकाशा (जवळचा दिव्याचा खांब किंवा झाड दाखवून), अर्जदारांची नावं, सह्या, आधारच्या प्रती. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्याच. पुढं वर्षभर त्या शिक्क्यावरचा आवक क्रमांक मला पाठ झाला होता.

नावाचा प्रश्न मी अण्णांच्या लेकीजवळ काढला. तिला वाईट वाटेल म्हणून दोन दिवस टाळलं होतं. तिनं उठून कपाटातून वह्या काढल्या. बावीस वह्या, दर वर्षाची एक, २००३ पासूनच्या. प्रत्येकीवर खाकी कव्हर, त्यावर 'रंकाळा' आणि साल. ती म्हणाली, "ताई, ह्याच्यावर तरी अण्णांनी कुठं नाव घातलंय?"

मी वह्या घरी आणल्या आणि त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले. अण्णा काहीतरी लिहितात एवढं मला माहीत होतं, पण हे इतकं असेल याची कल्पना नव्हती. रोजची एक ओळ. घाटाच्या किती पायऱ्या उघड्या, पाण्याचा रंग, वास, केंदाळ कुठल्या बाजूला साचलंय, पक्षी. आणि 'ताटली'. ही ताटली मी पाहिली होती. फाउंड्रीतल्या मित्राकडून त्यांनी वीस सेंटिमीटर व्यासाची लोखंडी चकती करून घेतली होती, तिचे चार भाग काळे-पांढरे रंगवलेले, मधून नायलॉनची दोरी आणि दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ. चकती पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. पाणी किती स्वच्छ हे मोजायची जगभरची रीत हीच आहे. अण्णांनी ती कुठल्याशा मासिकातल्या चित्रावरून उचलली होती. शेवटची नोंद ६ जानेवारी २०२४ ची: 'थंडी. पायऱ्या ५. ताटली ४ गाठी. हळदीकुंकू ११, वारकरी भरपूर. खोकला.' (हळदीकुंकू हे बदक, वारकरी हा काळा पाणपक्षी.)

'खोकला' हा त्या बावीस वह्यांत स्वतःबद्दल लिहिलेला एकमेव शब्द असेल. तो वाचून मी वही मिटली आणि खूप रडले.

नवा अर्ज तयार होईपर्यंत १६ मार्च उजाडला आणि लोकसभेची आचारसंहिता लागली. नव्या कामांची मंजुरी थांबली, ती जूनपर्यंत. पहिले चार दिवस मी हताश होते. मग ठरवलं, हा वेळ वह्यांना द्यायचा. मोबाईलनंच स्कॅन केल्या. खिडकीशी, सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून. दिवसाला पन्नास पानांच्या वर जाऊ नका, पुढं हात हलायला लागतो आणि अक्षर पुसट येतं. फाइलला साल आणि महिना असंच नाव द्या. पावसाळ्यातली पानं ओल लागून चिकटली होती, ती पातळ पट्टीनं सोडवावी लागली. पेन्सिलीनं लिहिलेली २००५ ची वही सगळ्यात अवघड गेली. एप्रिल आणि मे दोन्ही महिने त्यात गेले, खर्च मात्र दोन पेन ड्राइव्हचा, ९०० रुपये. एक लेकीकडं, एक माझ्याकडं.

विद्यापीठातल्या पर्यावरणशास्त्राच्या एका प्राध्यापिका ओळखीच्या निघाल्या. त्यांना मी काही वर्षांची पानं दाखवली. अण्णांनी बऱ्याच ठिकाणी लाल शाईनं खूण केली होती: 'ढगाळ २ दिवस. पहाटे मासे वर.' कधी मासे मेलेले, कधी नुसते पाण्यावर तोंड काढून. त्यांनी ते वाचलं आणि खुर्चीत पुढं सरकल्या. सांडपाण्यातून येणाऱ्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं. दिवसा ऊन असेल तर ते पाण्यात ऑक्सिजन सोडतं, पण रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढून घेतं. ढगाळ दिवसात भर कमी पडते, खर्च तेवढाच राहतो, आणि पहाटे पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात खाली जातो. मासे मरतात ते त्या वेळी. दुपारी बारा वाजता घेतलेल्या नमुन्यात हे दिसतच नाही. अण्णा सव्वासहाला जायचे म्हणून त्यांना दिसलं.

त्यांनी सुचवलं, प्रयोगशाळेचे आकडे मिळाले तर वह्यांशेजारी ठेवून बघता येतील. त्यासाठी माहितीचा अधिकार वापरला. आचारसंहितेत तो थांबत नाही. अर्जाला दहा रुपयांचं शुल्क, कोर्ट फी स्टँप चालतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द हा नियम आहे. मी आधी पाणी तपासणी, गाळ आणि नाले असे तीन विषय एकत्र लिहिले होते, ते वेळीच लक्षात आलं म्हणून फक्त पाणी तपासणीचे अहवाल मागितले. 'सर्व माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कोणत्या ठिकाणचे, ते लिहा. तीस दिवसांची मुदत असते. मला चोविसाव्या दिवशी पत्र आलं: ३१ पानं, पानाला दोन रुपये, ६२ रुपये भरा. भरले आणि त्याच दिवशी प्रती मिळाल्या.

१० जूनला दुसरा अर्ज दिला. एक पान, नावाची मागणी नाही. ४ जुलैला कनिष्ठ अभियंता स्थळपाहणीला आले. टेप धरायला मी आणि गटातले एक निवृत्त पोस्टमास्तर काका होतो. आम्ही सांगितलेल्या जागी बाक ठेवला तर संध्याकाळच्या गर्दीत पदपथ अडणार होता, शिवाय पिंपरणीच्या मुळांवर पाया आला असता. त्यांनी चार पावलं मागं, कठड्याच्या बाजूला खूण केली. मला तीच जागा हवी होती, मी थोडा वाद घातला. मग त्यांनी मला तिथं उभं केलं आणि म्हणाले, इथून शेजारच्या परताळ्याकडची बाजू दिसते बघा. आधीच्या जागेवरून ती दिसत नव्हती. केंदाळ तिकडूनच येतं. अण्णांची नजर कायम तिकडंच असायची. मी गप्प बसले.

रंकाळा वारसास्थळ असल्यानं वारसा समितीचा अभिप्रायही लागणार होता. फाइल तिकडं जाईपर्यंत पाऊस आला. जुलैच्या चौथ्या आठवड्यात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, आणि जी माणसं आमची फाइल बघणार होती तीच रात्रंदिवस पूरग्रस्तांच्या छावण्यांवर होती. ऑगस्ट संपेपर्यंत मी एकदाही चौकशीला गेले नाही. तुमच्या कामाला असा खंड पडला तर पडू द्या. खिडकीपलीकडच्या माणसाची त्या आठवड्यातली अवस्था बघून जायचं की नाही ते ठरवावं.

मग गणपती आले. १२ सप्टेंबरला गौरी-गणपतींचं विसर्जन. अण्णांशिवायचं पहिलं. दुपारी तीन वाजता निर्माल्याच्या ढिगाशी आम्ही सहा जण उभे होतो आणि सुरुवात कशी करायची हे कुणालाच सुचेना. दरवर्षी अण्णा आधी एक जुनं धोतर जमिनीवर अंथरायचे आणि प्रत्येकाच्या हातात काम द्यायचे. शेवटी त्यांची लेकच तेच धोतर घेऊन आली.

बाहेरच्या माणसाला निर्माल्य म्हणजे फुलं वाटतात. हार उचलला की त्यात नायलॉनचा दोरा, जरीची पट्टी, थर्माकोलचे मणी. पत्रीची जुडी रबरात. केवड्याबरोबर प्लॅस्टिकची पिशवी. सुपारी, खारीक, हळकुंड आणि बदाम कापसाच्या वस्त्रात गुंडाळलेले. दोरा ओढून काढायचा नाही, फुलं चुरगळतात आणि दोरा आत तुटतो. गाठीशी कात्रीनं कापायचा आणि मग हार उलटा धरून झटकायचा, हे अण्णांनी शिकवलेलं. लोक मूर्ती काहिलीत, म्हणजे पाण्याच्या मोठ्या कढईत, विसर्जित करून यायचे आणि हातातली पिशवी आमच्यासमोर ठेवायचे. एका आजींनी विचारलं, "ते म्हातारबाबा कुठायत? माझी पिशवी तेच घेत्यात." मी सांगितलं. त्यांनी पिशवी परत हातात घेतली, धोतराच्या कडेला बसल्या आणि स्वतःच दोरे कापायला लागल्या. रात्री नऊपर्यंत बसल्या होत्या.

१७ तारखेला अनंत चतुर्दशीला मोठ्या मूर्ती शेजारच्या इराणी खणीकडं गेल्या. आम्ही घाटावरच थांबलो. पहाटे चकती सोडली. गाठी साडेतीन.

१ ऑक्टोबरला समितीचा अभिप्राय आला. स्थानिक काळा दगड हवा, पॉलिश नको, स्टीलच्या नळ्या नकोत, पाट्या नकोत. मला यातलं सगळं पटलं. रंकाळा मुळात दगडाची खाण होती असं जुनी माणसं सांगतात. त्याच जातीचा दगड त्याच्या काठावर बसणं योग्यच. आदेश टाइप व्हायचा तेवढा बाकी असताना १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. या वेळी मी हताश झाले नाही, त्या पाच आठवड्यांत पाथरवट शोधले. तिघांकडून लेखी दर घेतले. सर्वात स्वस्त दर देणाऱ्यानं दगडाची जाडी चार इंच धरली होती, म्हणून त्याला काम दिलं नाही. पाच फूट लांब, दीड फूट रुंद दगडाला पाच इंच तरी जाडी हवी, नाहीतर मधोमध तडा जाण्याची भीती असते, असं दुसऱ्या पाथरवटानं समजावलं. दर घेताना माप तुम्हीच लिहून द्या, म्हणजे तुलना खरी होते.

९ डिसेंबरला आदेश हातात पडला. हमीपत्र लिहून द्यायचं होतं: बाकाची मालकी महापालिकेची, आम्ही कसलाही हक्क सांगणार नाही. त्याला ५०० चा मुद्रांक लागला, ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा चालत नाही. नोटरी ३००. दगड आणि घडाई १६,५००. टेम्पो १,४००, हमाली १,६००, पाया आणि गवंडी ३,२००. एकूण २३,५०० रुपये, अकरा जणांत. कुणी किती दिले हे आम्ही आपसांतही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. हिशेबाची वही मात्र सगळ्यांसाठी उघडी ठेवली, पावत्या चिकटवून. पैसे कमी असोत की जास्त, हे नक्की करा.

पाया जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात घातला आणि दहा दिवस रोज पाणी मारलं. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिवस, त्या वर्षी रविवार आला म्हणून तो धरला. अडीचशे किलोंवरचा दगड. आठ हमालांनी दोरखंड आणि वासे लावून टेम्पोतून उतरवला. शेवटच्या हातभर अंतरावर तो एका बाजूला कलला आणि माझा श्वास अडकला, पण मुकादमानं एकच शब्द टाकला आणि आठही जण जागच्या जागी थिजले. मग इंच इंच करत दगड पायावर बसला. पाथरवटानं पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध.

नारळ फोडला नाही, भाषण झालं नाही. लेक बसली, तिच्या शेजारी तिचा नऊ वर्षांचा मुलगा. दगड थंडगार होता, त्यानं लगेच हात काढून घेतला आणि परत ठेवला. समोर परताळ्याच्या बाजूला वारकरी पोहत होते, काळे, कपाळावर पांढरा टिळा. मुलानं ते मोजायला सुरुवात केली आणि चाळीसनंतर चुकला. त्याच्या आईनं पिशवीतून खाकी कव्हर घातलेली वही काढली. वर 'रंकाळा २०२५'. २०२४ ची वही, त्या वह्या हाती आल्यापासून, आम्ही वाटून घेऊन लिहीत आलो होतो, मधे काही दिवस कोरेही राहिले. आता वारानुसार नावं ठरली आहेत. सोमवार पोस्टमास्तर काका, मंगळवार मी, गुरुवार लेक, शुक्रवारी आणि शनिवारी दोन कॉलेजच्या मुली, रविवारी जो येईल तो.

चकती आणि दोरी माझ्याकडं आहे, सकाळी सव्वासहाला बाकावर आणून ठेवते. गाठी मोजायला पाच मिनिटं लागतात, शिकवायला दोन. बुधवार अजून रिकामा आहे.